विनायकरावांची चहाची पिशवी

दोन दिवसांच्या सहलीला विनायकराव अंगावरच्या शर्टानिशी येत, पण चहाची पिशवी त्यांना दोन्ही हातांनी उचलावी लागे. दोन डब्यांत दोन प्रकारची पत्ती, साखर, ओल्या फडक्यात आलं, गाळणी, पातेलं, छोटा स्टोव्ह, थर्मास आणि स्वतःचा स्टीलचा पेला. आमच्या ऑफिसातले ते हेडक्लार्क. वर्षातून दोनदा आम्ही सहा-सात जण संभाजीनगरहून शनिवार-रविवार कुठंतरी जायचो. जमवाजमव माझ्याकडे असायची. डिकीत काय कुठं ठेवायचं हे मी कागदावर लिहून काढते. या पिशवीची जागा ठरलेली होती, स्टेपनीच्या शेजारी.

"मॅडम, बाहेरचा चहा आपल्याला सोसत नाय. ॲसिडिटी हाय," असं ते पहिल्याच सहलीत म्हणाले आणि मी तसं मानून चालले. वेरूळला आम्ही टपरीवर थांबलो की ते लांब उभे राहून म्हणायचे, "प्या, प्या. रंगीत पाणी लई स्वस्त असतं." स्वतःच्या चहाबद्दल अर्धा तास बोलत. तो चहा मी प्यायले आहे. बरा असायचा, इतकंच. आलं जास्त.

माणूस एकूण कोता. रजेच्या अर्जावर सही हवी असेल तर तीनदा टेबलापाशी यायला लावणार, दुसऱ्याचं पेन मागून घेऊन रिफिल संपवणार. सोयगावला त्यांच्या ओळखीच्या एका बड्या बागायतदाराकडे आम्ही गेलो होतो. तिथं त्यांनी तीन कप चहा घेतला, तिसरा मागून. मी म्हटलं, "ॲसिडिटी?" तर म्हणाले, "घर कुणाचं हाय ते पोटाला बी कळतं, मॅडम." मी हसले होते. त्या हसण्याची आता लाज वाटते.

मग पैठणची सहल आली. आमच्या सेक्शनमधली संगीता पाचोडची, बौद्ध कुटुंबातली. सहा वर्षांच्या नोकरीत तिनं ऑफिसातल्या कुणालाच घरी बोलावलं नव्हतं. या वेळी जेवणाच्या सुट्टीत ती सगळ्यांसमोर म्हणाली, "रविवारी परतताना आमच्याकडं चहा घ्यायचा. आईनं सांगितलंय." हे बोलायला तिला किती दिवस लागले असतील, ते तिच्या आवाजावरून कळत होतं. मी चार वाजताची वेळ लिहून घेतली.

पाचोडच्या चौकात विनायकरावांनी गाडी थांबवायला लावली. डेअरीतून दूध घेतलं, झाडाखाली स्टोव्ह पेटवला, चहा करून थर्मास भरला. जिथं चहासाठीच जायचं होतं, ते घर तिथून पाच मिनिटांवर. आमची पंचवीस मिनिटं गेली. मला राग आला तो वेळापत्रक बिघडल्याचा. संगीता गाडीतून उतरलीच नाही.

घरात दोन तसबिरी, एक बुद्धाची, एक निळ्या कोटातली. अंगणात लिंबाखाली खुर्च्या मांडलेल्या. संगीताची आई नव्या कपांचा ट्रे घेऊन आली. आम्ही कप उचलले. ट्रे पुढं आला तेव्हा विनायकरावांनी थर्मास काढला.

"राग नको, मावशी. माझा माझ्याजवळ हाय." पेला भरून ते माझ्याकडे झुकले. माझं आडनाव ऐकून त्यांनी मला पहिल्यापासून आपल्यात धरलं होतं. हळूच म्हणाले, "तुमच्यासाठी बी हाय. तो कप ठेवून द्या."

"माझ्या हातात कप आहे," मी म्हटलं. माझ्याच्यानं एवढंच झालं.

आईनं सगळं ऐकलं होतं. ट्रे तसाच धरून तिनं विचारलं, "दूध कुठलं घातलंत, दादा?"

"चौकातल्या डेअरीचं."

"मग आमचंच की. दोन म्हशींचं दूध रोज तिथंच घालते मी. प्या निवांत. सोसंल."

कुणीतरी फिस्सकन हसलं. विनायकरावांनी पेल्यात पाहिलं, "पोट जरा ढवळतंय आज," असं पुटपुटले, उठले आणि सगळा चहा लिंबाच्या बुंध्याशी ओतला. मग त्याच माउलीकडे पेला विसळायला पाणी मागितलं. तिनं नळाकडे बोट दाखवलं.

गाडीत ते म्हणाले, "तुम्ही समजून घ्याल, मॅडम. घरच्या रीती असतात." मागच्या सीटवर बसलेल्या संगीताला हे ऐकू जातंय, याचा त्यांना पत्ताही नव्हता. किंवा असेल, आणि पर्वा नसेल.

पुढच्या सहलीआधी ते टेबलापाशी आले. "शनिवारी किती वाजता?"

"जागा नाही."

"दोन सीट रिकाम्या हायत की."

"तुमच्यासाठी नाहीत," मी म्हटलं आणि पुढचा कागद ओढला. गेल्या वर्षी ते रिटायर झाले. निरोपाचं भाषण करायला मला सांगितलं होतं. मी नकार दिला.

पण ज्या सहलीतून मी त्यांना काढलं, त्या सहलीला संगीताही आली नाही. शुक्रवारी संध्याकाळी म्हणाली, "मॅडम, आईला बरं नाही." पाचोडनंतर मी तिच्या आईला अधूनमधून फोन करायचे, त्याच सकाळी आम्ही बोललो होतो. माउली ठणठणीत होती, म्हशींच्या गडबडीत होती. "काळजी घे," मी संगीताला म्हटलं. दुसरं काही विचारायचा मला हक्क नव्हता.