विस्थापन शून्य, काम किती?

मी राळेगाव तालुक्यातल्या एका शाळेत मराठी शिकवतो. पन्नाशी उलटली होती, संधी-समासांवर सुखानं संसार चालला होता, आणि एक दिवस हुकूम आला: विज्ञान-गणिताला माणसं कमी पडतात, भाषेच्या शिक्षकांनीही स्टेमचं प्रमाणपत्र घ्यावं. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित या चौघांचं मिळून ते इंग्रजी नाव. मला स्टेम म्हणजे झाडाचं खोड एवढंच ठाऊक. घरी बायकोला म्हटलं, "या वयात मले खोडावर चढवून राह्यले." ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "चढा, पण पडाल त सांभाळून पडा."

दर शनिवार-रविवार यवतमाळला वर्ग भरायचा. माझ्या बाकावर पुसदकडच्या एक मॅडम बसत. शाळेत हिंदी शिकवायच्या. मूळच्या बंजारा तांड्यातल्या, त्याच तांड्याच्या शाळेत नोकरीला. घरी गोरबोली, वर्गात हिंदी, चारचौघांत मराठी, आणि आता त्यात बल आणि त्वरणाची चौथी भाषा. अंधारातच एसटी धरून निघत, तरी माझ्या आधी हजर. गणित सुरू झालं की मी चष्मा पुसत बसायचो. त्या मात्र न कळलेलं पुन्हा विचारायच्या, प्रशिक्षकांच्या कपाळाला आठी पडली तरी विचारायच्या. मोठ्या माणसानं चारचौघांत "मले नाही समजलं" म्हणायला केवढी छाती लागते, ते आमच्या धंद्यातल्या माणसालाच कळेल.

एकदा डबा खाताना मी म्हटलं, "मॅडम, प्रमाणपत्र मिळो न मिळो, पगार तेवढाच. कायले एवढा जीव काढता?"

"आमच्या शाळेत विज्ञानाचं कोणीच नाही, सर," त्या म्हणाल्या. "मी पास नाही झाली त आठवीचा वर्ग बंद होते. पोराइले लोकं पुसदले धाडतीन, पोरीले नाही धाडत. आता सातवीत हायेत त्या साऱ्या पोरी घरी बसतीन."

मी पुढे थट्टा केली नाही.

मग विस्थापनाचा दिवस आला. प्रशिक्षकांनी विचारलं, "विस्थापन म्हणजे काय?" मॅडम उभ्या राहिल्या आणि सरळ म्हणाल्या, "धरणात गाव जाणं, सर."

वर्ग खो खो हसला. मी मराठीचा माणूस, मला तो हशा फार झोंबला. आमच्या जिल्ह्यात या शब्दाचा पहिला अर्थ तोच आहे. त्या लहान असताना त्यांचा तांडा धरणाच्या पाण्याखाली गेला होता आणि सरकारदरबारी त्यांच्या घराची ओळखच विस्थापित अशी होती. प्रशिक्षक भला माणूस. त्यांनी फळ्यावर एक नागमोडी वाट काढली आणि तिची दोन टोकं सरळ रेघेनं जोडली. निघालो तिथून पोचलो तिथपर्यंतचं सरळ अंतर, दिशेसकट. वाटेत किती फिरलो ते धरायचं नाही.

मॅडमनी ती रेघ वहीत उतरवून घेतली. मग म्हणाल्या, "मंग माझं फार चुकलं नाही, सर. आमच्या गाड्या लय फिरून आल्या, पण तांडा सरकला तो नदीपासून टेकडीपर्यंत. उत्तरेले." प्रशिक्षकांनी ते उदाहरण तसंच्या तसं फळ्यावर घेतलं. माझी मात्र उगाच कॉलर ताठ झाली, जसं काही मीच उत्तर दिलं होतं.

अभ्यासक्रमाच्या शेवटी प्रत्येकानं आपल्या शाळेत एक पाठ घ्यायचा, परीक्षक बघायला येणार, आणि आमच्यातलाच एक जण निरीक्षक म्हणून मागे बसणार. माझा पाठ होऊन गेला होता. पास झालो, पण त्यात सांगण्यासारखं काही नाही. मॅडमच्या पाठाला निरीक्षक म्हणून मी हट्टानं माझं नाव दिलं आणि दोन एसट्या बदलून तांड्यावर पोचलो.

परीक्षक कडक होते. सुरुवातीलाच त्यांनी बजावलं, पाठाचं जे टाचण दिलंय त्याच्याबाहेर जाल तर गुण जातील. सातवीचा वर्ग, विषय बल आणि कार्य. विस्थापन म्हणजे काय विचारल्यावर पोरांनीही तेच सांगितलं, धरणात गाव जाणं. मॅडमनी तिथूनच सुरुवात केली. पाठ झकास चालला. निघाला तिथंच परत आला, तर विस्थापन शून्य. बल गुणिले विस्थापन म्हणजे कार्य, कार्य म्हणजे काम. परीक्षकांची मान हलत होती. मी सुटकेचा श्वास सोडला.

तेवढ्यात मधल्या ओळीतली एक मुलगी उठली. "मॅडम, माही याडी सकाळी वावरात जाते. दिवसभर कापूस वेचते. संध्याकाळी घरी येते. तिचं विस्थापन शून्य?"

"शून्य," मॅडम म्हणाल्या.

"मंग गुणाकार बी शून्य. मंग माह्या आईनं काहीच काम नाही केलं?"

शिक्षकाजवळ अशा वेळी एक हुकमी वाक्य असतं: छान प्रश्न आहे, आपण नंतर बघू. म्हणा, मी मनातल्या मनात विनवत होतो, म्हणा आणि मोकळ्या व्हा. परीक्षकांनी घड्याळाकडे पाहिलं. टाचणातले शेवटचे प्रश्न अजून बाकी होते.

मॅडमनी खडू ठेवला. त्या मुलीला पुढं बोलावलं आणि दोघींनी मिळून ते जड लाकडी टेबल भिंतीपासून खिडकीपर्यंत ढकललं. मग पलीकडून ढकलत पुन्हा भिंतीशी आणलं. दोघींना धाप लागली.

"टेबल कुठं हाये?"

"होतं तिथंच."

"त्याचं विस्थापन?"

"शून्य."

"परत येताना आपोआप आलं काय?"

"नाही मॅडम, उलट जास्त जड लागलं." वर्ग हसला.

"जाताना आपण तिकडं ढकललं, ते तिकडं सरकलं. ते एक काम. येताना इकडं ढकललं, इकडं सरकलं. ते दुसरं काम. जोर बदलला की गुणाकार नवीन मांडायचा. मंग दोघांची बेरीज. तू पूर्ण दिवसाचा एकच गुणाकार केला, तिथं चुकली. याडीनं एकेक बोंड ओढलं, एकेक गाठोडं उचललं, ते सारं वेगवेगळं धरायचं. संध्याकाळमधून सकाळ वजा नाही करायची."

मग तेच त्यांनी गोरबोलीत सांगितलं. मला त्यातला याडी, म्हणजे आई, एवढाच शब्द कळला. मुलगी मान डोलावत जागेवर गेली आणि घंटा झाली.

पोरं बाहेर पळाल्यावर परीक्षक म्हणाले, "टाचणात टेबल नव्हतं."

"नव्हतं, सर."

"शेवटचे प्रश्न राहिले."

"राहिले, सर."

"मग हे मध्येच कशाला घेतलं?"

"तिले शून्य उत्तर घेऊन घरी कशी जाऊ देऊ, सर?"

परीक्षकांनी लिहून घेतलं आणि ते गाडीत बसले. परतीच्या एसटीत मी त्यांच्यावर मनातून चिडत होतो आणि मॅडमचा मला इतका अभिमान वाटत होता, की शेजारच्या अनोळखी माणसाला मी सगळा पाठ सांगितला. त्यानं बिचाऱ्यानं ऐकलाही.

राहिलेल्या प्रश्नांचे गुण कापले गेले. मॅडम पास झाल्या.

शाळा उघडली त्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला. "सर, आठवी भरली. एक बी पोरगी घरी नाही बसली."

त्यांच्या मागून वर्गाचा गलका ऐकू येत होता. पोरींचेच आवाज जास्त होते. मी म्हटलं, "मॅडम, बोलू नका. फोन तसाच राहू द्या जरा."

आणि मी ऐकत बसलो.