उघड्या कपाटाचे गुरुजी

आमचे पुस्तकवाले गुरुजी म्हणजे अख्ख्या वऱ्हाडात शोधून सापडले नसते इतके बेशिस्त ग्रंथपाल होते, आणि हे मी त्यांचा अपमान करायला म्हणत नाही. मी अमरावतीला ट्रेनिंग संपवून अकोटाजवळच्या त्या चार वर्गांच्या शाळेत रुजू झालो, तेव्हा ग्रंथालय या शब्दाबद्दल माझ्या डोक्यात काही भव्य कल्पना होत्या. इथलं ग्रंथालय म्हणजे तिसरीच्या वर्गातलं एक लाकडी कपाट. आसपासच्या शाळांत असं कपाट कायम कुलपात असे, कारण पुस्तक हरवलं की जाब कपाट सांभाळणाऱ्या मास्तरला द्यावा लागे. म्हणून बाकीचे मास्तर पुस्तकं वाचायला देत नसत, वर्षातून एकदा ऊन दाखवून परत आत ठेवत. आमच्या गुरुजींनी कपाटाचं कुलूप काढून शाळेच्या फाटकाला लावलं होतं. मी विचारलं तर म्हणाले, "फाटकातून ढोरं येतात जी. कपाटाजवळ कोण येते? लेकरं. त्यायले काहून अडवाचं?"

गुरुजी पन्नाशीचे, अंगानं काटकुळे. धोतर पोटरीपर्यंत, टोपी एका कानावर आणि उजव्या हाताची बोटं बारा महिने शाईनं निळी. पुस्तक किती दिवस ठेवायचं याचा त्यांच्याकडे एकच नियम होता, वाचून होईस्तोवर. एखाद्यानं पुस्तक स्वच्छ, कोरं करकरीत परत आणलं की ते त्याला उभं करत. "कारे, वाचलं नाईस वाटते?" आणि तेच पुस्तक पुन्हा त्याच्या हातात. पोरं हुशार. दोनचार जणांनी ही गोम ओळखली आणि पानांना थोडं तेल-तिखट लावून पुस्तकं आणायला सुरुवात केली. गुरुजी ती पानं नाकाशी धरून खूश होत. मला त्या दिवसांत त्यांचा फार राग येई. नवीन मास्तर होतो, नियम पाठ होते, दुसरं काही पाठ नव्हतं.

अशा कारभारात पुस्तकं टिकणार किती? एक शेळीनं खाल्लं, तर गुरुजींनी आधी विचारलं की शेळीनं कोणती गोष्ट खाल्ली. एक माळ्याच्या पोरीनं वांग्यांना पाणी देता देता वाचायला घेतलं आणि ते पाण्याच्या दांडात पडून भिजून लगदा झालं. चौथीतल्या एका पोरीचं लग्न झालं, ती चांदूर रेल्वेला नांदायला गेली, आणि पेटीत लुगड्यांखाली शाळेचं पुस्तक घेऊन गेली. तिचा बाप शरमेनं काळा पडून शाळेत आला. म्हणाला, "गुरुजी, मी उद्याच्या गाडीनं जातो अन् आणून देतो." गुरुजींनी त्याला पाणी दिलं. "राहू द्या न जी. तिथं तिच्या ओयखीचं दुसरं कोण हाय?" अकरा वर्षांची होती ती पोरगी. मला तेव्हाही गलबलून आलं होतं, पण लगेच मनात आलं, आता रजिस्टरमध्ये काय लिहिणार?

तर रजिस्टरमध्ये काहीच लिहिलं जात नसे, कारण गुरुजींच्या लेखी पुस्तक हरवतच नसे. शनिवारी सकाळची शाळा सुटली की ते एस.टी.नं अकोटला जात, तिथल्या शाळेतल्या मित्राकडून तेच पुस्तक उसनं आणत आणि रविवारी दिवसभर ओसरीत बसून अख्खं हातानं उतरवून काढत. कणकेच्या खळीनं पुठ्ठा चिकटवत, वर हरवलेल्या पुस्तकाचा नंबर टाकत आणि सोमवारी पुस्तक कपाटात हजर. रजिस्टरवर सगळे नंबर, कपाटात सगळे नंबर. यात आपण काही वावगं करतो आहोत असं त्या माणसाच्या मनाला शिवलंसुद्धा नव्हतं. अक्षर मोत्यासारखं होतं. चित्रांबद्दल मात्र न बोललेलं बरं. त्यांना फक्त बैल काढता येई. त्यामुळे वाघ, कोल्हा आणि एकदा तर राजाचा प्रधानसुद्धा बैलासारखाच दिसे, प्रधानाला तेवढी पगडी असे.

शिवाय गुरुजी गोष्टींत ढवळाढवळ करत. छापील पुस्तकात कोणी उपाशी निजलं की ह्यांच्या वहीत त्याला ज्वारीची भाकर आणि ठेचा मिळालाच. बौद्ध वस्तीतली एक मुलगी तिसरीत होती. तिची आई वर्षापूर्वी गेली होती. ती रोज संध्याकाळी बापाला पुस्तक वाचून दाखवायची. दिवसभर दुसऱ्याच्या वावरात राबून आलेला बाप दारालगतच्या ढेलजेत बसून ऐकायचा, कारण त्या घरात तिच्याआधी कोणी अक्षर वाचलं नव्हतं. तिनं मागितलेल्या पुस्तकात शेवटी आई मरते. छापील प्रत फाटली होती, म्हणून गुरुजींनी नवी उतरवली, आणि त्यात आई मरत नाही, आजारातून उठते आणि अंगणात येऊन बसते. मी म्हटलं, "गुरुजी, मूळ पुस्तकात असं नाही." ते लिहिता लिहिता म्हणाले, "तुमी मूळ वाचा. तिले हे वाचू द्या."

दुसऱ्या वर्षी डिप्टीसाहेब तपासणीला आले. एरवी ते फळ्यावरची तारीख आणि पोरांची नखं बघून चहा घेत. त्या दिवशी त्यांना काय लहर आली कोण जाणे, त्यांनी कपाटाकडे खुर्ची वळवली आणि मला पुस्तकं मोजायला सांगितली. संख्या बरोबर भरली. मग त्यांनी सहज एक पुस्तक उघडलं. पगडीवाला बैल पाहून ते हसले. दुसरं उघडलं, तिसरं उघडलं. निम्म्याच्या वर कपाट एकाच हाताचं निघालं. साहेब काही वाईट माणूस नव्हते. त्यांनी स्वतःच वाट काढून दिली. मला विचारलं, "हे शाळेचं हस्तलिखित दिसतं. मुलांसाठी केलेलं. हो ना?"

"हो साहेब" एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द. गुरुजी शेजारी उभे होते आणि माझ्याकडे बघतही नव्हते. मला नोकरीत कायम व्हायचं होतं, आणि खोटं बोलायचं नाही असं मी कालपरवापर्यंत पोरांना शिकवत होतो. मी म्हणालो, "नाही साहेब. हरवलेल्या पुस्तकांच्या जागी गुरुजींनी ही लिहून ठेवली आहेत." साहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि मग नाइलाजानं लिहायला घेतलं.

हातानं लिहिलेली पुस्तकं नोंदीतून काढून रद्दीत टाकायचा हुकूम निघाला. कपाट गुरुजींकडून काढून माझ्याकडे आलं आणि महिन्याभरात गुरुजींची बदली झाली सेमाडोहाकडे, जंगलात. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी रद्दीतली पुस्तकं ओट्यावर मांडली आणि ज्याला जे हवं ते नेऊ दिलं. पोरं नेत होती, गुरुजी बघत होते. मी जवळ जाऊन म्हटलं, "गुरुजी, माझं चुकलं." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुमी खरंच बोलले न बाप्पा, चुकलं कुठी? फक्त कपाट उघडं ठेवजा." मी हो म्हणालो.

आणि मी कपाटाला नवं कुलूप आणलं. उगाच कशाला लपवू? साहेबांची तपासणी डोळ्यांसमोर होती, आणि हातानं पुस्तक उतरवण्याइतका जीव माझ्यात नव्हता. पहिले काही दिवस पोरं मधल्या सुट्टीत येऊन कपाटासमोर उभी राहत. मी "उद्या, उद्या" म्हणे. मग ती येईनाशी झाली. पुढच्या तपासणीत साहेबांनी शेरा मारला, ग्रंथालय उत्तम स्थितीत. मी कायम झालो.

त्या दिवाळीनंतर सेमाडोहाहून एक कार्ड आलं. तेच मोत्यासारखं अक्षर. इकडे पाऊस फार झाला, तब्येत बरी आहे, इथल्या शाळेत पुस्तकं नाहीत पण कागद मिळतो, आणि खाली लिहिलं होतं : 'यंदा पोरांनी कोणतं पुस्तक जास्त फाडलं ते कळवजा. मी इकडून लिहून पाठवतो.'

मी दोन दिवस ते कार्ड खिशात घेऊन फिरलो. काहीही लिहिता आलं असतं. कोणत्याही पुस्तकाचं नाव टाकलं असतं तरी म्हाताऱ्यानं रविवारचा दिवसभर बसून ते आनंदानं उतरवलं असतं. पण माझी खरं बोलायची खोड गेली नव्हती. मी लिहिलं, 'एकही फाटलं नाही. सगळी नव्यासारखी आहेत.'

गुरुजींचं पुन्हा कार्ड आलं नाही. मीही पाठवलं नाही.