खंडेनवमीला अडकलेली खिडकी

कुसुमताई आज सकाळी गेल्या. उभ्या आयुष्यात त्यांनी कोणावर पटकन विश्वास ठेवला नाही.

त्यांच्या लेकीचा फोन आला तेव्हा वाटलं, ही बातमी ताईंना सांगितली असती तर त्यांनी आधी विचारलं असतं, "कोन म्हनते?"

रोज कन्हानहून बसने यायच्या. बसवर नागपूरची पाटी असली तरी कंडक्टरला विचारूनच चढायच्या. ऑफिसचा चहा आधी हुंगायच्या, मग प्यायच्या.

१९८८ची गोष्ट. सीताबर्डीवर एक छोटं कॉम्प्युटर सेंटर होतं. एक मोठं मशीन, त्याला जोडलेले चार-पाच टर्मिनल. ताई सीनियर ऑपरेटर, मी टेम्पररी. माझ्या नोकरीवर घर चालायचं.

साहेबांच्या मित्राने टेपवरून एक नवीन प्रोग्रॅम टाकून दिला होता. एकाच स्क्रीनवर तीन-चार कामं, प्रत्येकाची खिडकी वेगळी. एखादी अडकली तर तेवढीच बंद करायची. मशीन विचारायचं, नक्की का? आपण y दाबायचं.

खिडकी जायची, आतलं कामही जायचं. का अडकली होती ते कधीच कळायचं नाही.

खंडेनवमी आली. आमच्याकडे हत्यारं कुठली, मशीनचीच पूजा. साहेब स्वतः प्रत्येक कीबोर्डच्या चारही कोपऱ्यांना हळदी-कुंकू लावायचे. मशीन बंद ठेवणं मात्र शक्य नव्हतं. एका कारखान्याची हजेरी दुपारपर्यंत द्यायची होती आणि ती माझ्या टर्मिनलवर चालू होती.

मी पूजेला थांबले नाही. आमच्या घरी छप्पन्न सालच्या दीक्षेपासून हे सगळं बंद. उगाच कोणाच्या डोळ्यावर यायला नको म्हणून व्हरांड्यात उभी राहिले. सगळे प्रसाद घ्यायला बाहेर आले तशी मी आत जाऊन बसले.

स्क्रीनवरचे आकडे थांबलेले.

Enter दाबलं. काही नाही. दुसऱ्या खिडकीत गेले, ती ठणठणीत. परत आले तर ही मख्ख.

साहेबांना बोलावलं. खोलीत मी एकटीच होते हे एव्हाना सगळ्यांच्या लक्षात आलं होतं. नजरा माझ्याकडे फिरल्या. त्या नजरा मी शाळेपासून ओळखते.

साहेब म्हणाले, "पूजेला हात जोडवत नाहीत. मशीनला हात लावायला बरं जमतं."

मग म्हणाले, ती खिडकी बंद कर, काम पुन्हा लावू. आणि दसऱ्यानंतर येऊ नकोस.

मी बंद करायची कमांड दिली. मशीनने विचारलं, नक्की का? माझं बोट y वर गेलं. रडू येत होतं, पण राग त्याहून जास्त होता.

ताईंनी माझा हात धरला आणि स्वतः n दाबलं.

"थांब वं. हे बंद केलं का मंग कोनालेच काही समजनार नाही."

मग उलटतपासणी सुरू झाली. आधी माझीच. कुठे उभी होतीस, काय काय दाबलंस, पूजेचा राग आला होता का? मला फार लागलं ते. तरी खरं सांगितलं, की पूजेचा राग नव्हता, आताच्या बोलण्याचा आला. मग बाकीच्यांची पाळी. प्रत्येकाला तेच प्रश्न, तोच कोरडा आवाज.

शेवटी त्या साहेबांकडे वळल्या.

"साहेब, तुमीबी हात लावला ना कीबोर्डले? सकाळी जशी केली, तशीच पूजा करून दाखवा."

साहेब हसले. ताई हसत नाहीत हे बघून हसू आवरलं. कुंकवाची कोयरी आणली.

वरचा एक कोपरा. मग दुसरा. खालचा उजवा. काही नाही.

खालच्या डाव्या कोपऱ्यात एक कळ होती, आम्ही कोणी ती कधी वापरलीच नव्हती. साहेबांनी तिच्यावर अनामिका टेकवली आणि आकडे धावायला लागले.

एकदा दाबली की समोर असलेली खिडकी थांबवायची, पुन्हा दाबली की चालू करायची, एवढंच त्या कळीचं काम. सकाळी कुंकू लावताना ती साहेबांच्याच बोटाने दाबली गेली होती.

साहेब मला सॉरी वगैरे काही म्हणाले नाहीत. "चला, कामं करा," एवढंच. दसरा झाल्यावर मी कामावर गेले, कोणी अडवलं नाही. पुढे कित्येक वर्षं तिथेच होते.

त्या खंडेनवमीच्या संध्याकाळी बस स्टॉपवर मी ताईंना म्हटलं, तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात, हे विसरणार नाही.

ताई चिडल्याच.

"भरोसा? काहून ठेवू? साहेबावर जेवढा डाऊट होता, तेवढाच तुह्यावर होता."

बस आली. कन्हानलाच जाते ना, हे विचारून चढल्या.

माझी बाजू घेणारे, माझ्यासाठी हळहळणारे मला नंतर पुष्कळ भेटले. चांगली माणसं होती. पण साहेबांवर आणि माझ्यावर सारखाच संशय घेणारं माणूस मला एकच भेटलं.

ताई, तुम्हाला विनम्र अभिवादन.