बार्शीत भरलेल्या बांगड्या

निजामाच्या राजवटीतली ती शेवटची वर्षं. लातूरच्या मुलींच्या शाळेत आम्ही तिघी शिकवत होतो. बार्शी आम्हाला परमुलूखच. तिथं इंग्रजांचं राज्य, नाणं वेगळं, वाटेत करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका आणि सामानाची झडती. दोन दिवसांची रुखसत घेऊन आम्ही छोट्या गाडीनं तिकडे गेलो आणि धर्मशाळेत उतरलो.

मोठ्या बाई पन्नाशीच्या, कडक. तिसरी माझ्याच वयाची, चोविशीतली. तिच्या सोळाव्या वर्षी नवरा विषमज्वरानं गेला. तेव्हापासून तिचं कपाळ मोकळं आणि हातही मोकळे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अंघोळ करून आली तेव्हा कपाळावर कुंकू होतं.

"आज एकच दिवस, बाई," ती म्हणाली. "इथं मला कोण ओळखतंय?"

मोठ्या बाई आता रागावणार असं मला वाटलं. पण त्यांनी पदराच्या टोकानं तिचं पसरलेलं कुंकू नीट गोल केलं आणि चपला शोधायला लागल्या.

आम्ही भगवंताचं दर्शन घेतलं. गिरणीचा भोंगा झाला तेव्हा फाटकातून बाहेर पडणारी माणसं बघत उभ्या राहिलो. एका हॉटेलात बायकांसाठी पडदा लावलेला होता, तिथं बसून गरम भजी खाल्ली. लातुरात हॉटेलची पायरी चढलो असतो तर आमच्याआधी बातमी शाळेत पोचली असती. बाजारात मी चोळीचे दोन खण घेतले, मोठ्या बाईंनी अडकित्ता. तिनं काहीच घेतलं नाही. कासाराच्या दुकानापाशी मात्र ती थांबली आणि आत जाऊन बसली.

म्हातारा कासार तिचा हात दाबत हिरव्या बांगड्या चढवत होता. बोलता बोलता त्यानं विचारलं, घरचे काय करतात?

"तहसिलीत आहेत," ती म्हणाली. "तिखट चालत नाही त्यांना. रोज दोन भाज्या कराव्या लागतात."

नवऱ्याबरोबर ती जेमतेम चार महिने नांदली होती. मी मान फिरवून दोरीवरच्या बांगड्या बघत राहिले. हात भरून झाल्यावर तिनं कासाराला वाकून नमस्कार केला.

दुपारी परतीच्या गाडीसाठी स्टेशनवर आलो. नळावर तिनं स्वतःच कुंकू धुतलं. बांगड्या मात्र घट्ट बसल्या होत्या. एकही निघेना. तिनं नळाजवळचा दगड उचलला.

मोठ्या बाईंनी तिचं मनगट धरलं. "ठेव तो. एकदा फोडल्या, तेवढं पुरे."

त्यांनी पेटीतून साबण काढला, तिचा हात मांडीवर घेतला आणि एकेक बांगडी सरकवायला लागल्या. अंगठ्याच्या पेराचं कातडं सोलवटून रक्त आलं. गाडी फलाटाला लागली, माणसं चढायला लागली, तरी त्यांनी घाई केली नाही. सगळ्या शाबूत निघाल्या. ती नळाच्या पाण्याकडे बघत होती.

नाक्यावर शिपायानं पेटी उघडली आणि बांगड्या कुणाच्या म्हणून विचारलं.

"माझ्या," मोठ्या बाई म्हणाल्या.

पुढच्याच वर्षी मुलखात गडबड सुरू झाली, शाळा बंद पडली आणि ती नांदेडला भावाकडे गेली. तिथंच नोकरी केली, पुढे मुख्याध्यापिका झाली. आम्ही पुष्कळदा भेटलो, पण बार्शीचा विषय तिनं काढला नाही आणि मीही नाही. तिच्या शाळेत मात्र संक्रांतीच्या हळदीकुंकवाला विधवा शिक्षिकांनाही बोलावणं जायला लागलं. त्यावरून गावात कुजबूज झाली, ती तिनं सोसली. पहिल्या वर्षी दोघीच आल्या. एकीनं वाण घेतलं, कुंकवाला मात्र नको म्हणाली. हिनं आग्रह केला नाही, तिळगूळ दिला आणि शेजारी बसवून घेतलं.