भामरागडच्या शाळेतली झोळी

जूनपासून भद्रावतीत मला बालवाडीचा वर्ग मिळणार होता. रिकामी खोली, चार भिंती. ती कशी सजवावी, हे विचारायला मावसबहीण सुषमाताईला फोन केला. ती भामरागडजवळच्या एका पाड्यावर शिकवते. म्हणाली, "फोनवर काय सांगू? येऊन पाह्य ना."

जानेवारीत निघाले. तुम्हीही जाणार असाल तर हिवाळ्यातच जा, पावसाळ्यात तो रस्ता बंद पडतो. चंद्रपूर, मग आलापल्ली, तिथून भामरागडची एसटी. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे प्रवास स्वस्तात होतो. आलापल्लीला पोटभर खाऊन घ्या, पुढे दोन्ही बाजूंना जंगलच आहे. मोबाइलही मधेच मुका होतो.

ताईचा वर्ग बघून आधी वाटलं, यात काय एवढं? फळा मुलांच्या कमरेइतका खाली. कोपऱ्यात बिया, पिसं, नदीतले गोटे. भिंतीवर मुलांनी काढलेली चित्रं आणि त्याखाली दोन-दोन शब्द: 'पाणी' आणि तिथल्या माडिया भाषेतलं 'येर'. पण मुलं आली आणि कुणाला काही न विचारता आपापल्या कामाला लागली. सगळं त्यांच्या हाताला लागेल असंच ठेवलेलं होतं.

फक्त खिडकीबाहेर एक मुलगी उभी होती, कडेवर छोटा भाऊ घेऊन.

"ती जैनी," ताई म्हणाली. "माय मजुरीले जाते, तं भाऊ इच्याचकडे. दिवाळीपासून आत आली नाई."

"भावाला घेऊन बसू दे ना."

"बसवली होती. पोरगं रडलं का हे उठून जाते. हे साल असंच गेलं, तं पोरगी शाळेतून सुटलीच समज."

संध्याकाळी भात आणि अंबाडीची भाजी जेवताना आमचं तेच बोलणं चाललं होतं. मी म्हटलं, "वर्गात झोळीच बांधली तर?" ताईने वर आढ्याकडे पाहिलं. मग आम्ही दोघी जैनीच्या घरी गेलो. ताई तिच्या आईशी माडियात बोलली. आई आत गेली आणि एक चांगलं, कुठेही न फाटलेलं लुगडं घेऊन आली. काहीतरी म्हणाली.

"काय म्हणते?"

"जुनं फाटन म्हणते. हे घेऊन जा."

सकाळी झोळी बांधली. जैनी दारात बराच वेळ उभी राहिली. मग आत आली, भावाला झोळीत ठेवलं आणि एका हाताने दोरी ओढत दुसऱ्या हाताने गोटे मांडू लागली. थोड्या वेळाने तो झोपला. तिने दोरी सोडली आणि फळ्याजवळ जाऊन खडू उचलला. ताई तोंड फिरवून पुस्तकं लावत राहिली. माझेही डोळे भरून आले होते.

परत येऊन आता बरेच महिने झाले. जून लागल्यावर माझा वर्ग सुरू झाला. भिंतीवर मी आधी काहीच लावलं नाही. पहिल्या दिवशी एक मुलगा आईचा पदर सोडेना. मी म्हटलं, "तुमीबी या आत, बसा." ती संकोचत सतरंजीवर बसली. आठवडाभर रोज येऊन बसायची. एक दिवस मुलगाच तिला म्हणाला, "आई, तू आता घरी जाय ना."

ती हसत गेली. ताई, जैनी आणि लुगडं देणारी ती माय, तिघींचे आभार मी तेव्हा मनातल्या मनात मानले.