आईच्या तोंडावरचा पदर

एका हाताने हेलिकॉप्टरला लटकलेला गुप्तहेर दुसऱ्या हाताने घसरणारी पँट सावरत होता. माझ्या शेजारी आई तोंडावर पदर दाबून हसत होती. बाबांना जाऊन पाचच महिने झाले होते. वर्ष होईपर्यंत सिनेमा बघायचा नाही, ही आमच्याकडची रीत. ती मोडून मी आईला आणलं होतं.

पँट सुटली तसा आईचा पदरही सुटला आणि ती खो खो हसली. पुढच्या रांगेतले लोक वळून बघायला लागले. बघू देत! असल्या सिनेमांना पोरकट म्हणणाऱ्यांनी पाच महिने मुक्या झालेल्या घरात राहून दाखवावं.

संध्याकाळी आत्याचा फोन आला. "एवढं काय बघायचं राहिलं होतं गं?"

"आईला हसताना," मी म्हटलं. "रविवारी पुन्हा नेणार आहे. तूही चल."