काटा गारवर आणि माईंची कळशी

भोपाळला आलेल्या आम्हा नागपूरकरांपैकी चार जण कुठंही जमले की पाठकांच्या मोटारीचा विषय निघतोच. एक किस्सा संपत नाही तोवर कुणीतरी म्हणतं, "आणि ते गोधडीचं?" मग चहा पुन्हा टाकावा लागतो. खरं म्हणजे मोटार एकच होती आणि तिच्यातली बिघडलेली वस्तू लिंबाएवढीसुद्धा नव्हती. पण आमच्या पुरुषमंडळींनी तिच्यावर एवढी अक्कल खर्च केली की किस्से साचत गेले.

राज्यांची पुनर्रचना झाली, राजधानी भोपाळला आली आणि तिच्यामागून फायलींसारखे आम्हीही आलो. नव्या क्वार्टर्समध्ये तीन घरं लागून होती. वसंतराव पाठक बांधकाम खात्यात इंजिनिअर. पिंपळखुटे त्यांच्याच हाताखाली ड्राफ्ट्समन, एकटा जीव. आणि आमचे हे, सचिवालयात हेडक्लार्क. त्या दिवसांत कुणालाच काही कळत नव्हतं. आपलं ऑफिस कोणत्या इमारतीत आहे, दूधवाला हिंदीत काय म्हणाला, आपण आता इथलेच की अजून तिथले, सगळाच गोंधळ. त्यात वसंतरावांनी गाव सोडून जाणाऱ्या एका साहेबाची म्हातारी विलायती मोटार घेतली.

*

पहिल्याच रविवारी आम्ही सगळे तिच्यातून तलावावर निघालो. फाटकाबाहेर पडतो न पडतो तोच समोरचा उष्णतेचा काटा थेट लाल रेघेवर. वसंतरावांनी करकचून ब्रेक लावला.

"इंजिन तापलं!"

झाकण उघडलं तर पाणी काठोकाठ आणि हाताला गार. तरी काट्याचा मान राखायला म्हणून बॉनेटवर सुरईतलं पाणी ओतलं. पिंपळखुटे पुढं उभे राहून जाळीवर विंझणा घालू लागले. काटा ढिम्म. मग आम्ही थोडं चालायचं, थांबायचं, वारा घालायचा, असे निघालो. मागून आलेला टांगेवाला आमच्या बरोबरीनं चालत राहिला. त्याला गंमत वाटत होती.

"बाबूजी," तो शेवटी म्हणाला, "सवारियाँ इधर दे दो, गाड़ी को आराम करने दो."

सुमती, म्हणजे वसंतरावांची बायको, खरंच उतरून टांग्यात बसली. मीही बसले.

*

हे असंच चाललंही असतं, पण माईंचा निरोप आला.

माई म्हणजे वसंतरावांची आई. नागपूर सोडायला त्या तयार नव्हत्या. धाकट्याकडे राहीन म्हणत होत्या. वसंतराव दर सुट्टीत जाऊन विनवायचे आणि रिकाम्या हातानं परत यायचे. शेवटी गावाहून आलेल्या कुणाबरोबर त्यांनी कळवलं, "येते. पण तिथलं पाणी मला मानवायचं नाही. घरच्या विहिरीचं घेऊन येते. ते असेल तोवर राहीन, संपलं की मला गाडीत बसवून दे."

ज्या गावाला एवढा मोठा तलाव, त्या गावाला ही बाई पाणी घेऊन निघाली होती. आम्ही हसलो. वसंतराव हसले नाहीत. माणूस एरवी रुबाबदार, पण त्या संध्याकाळी आमच्या ओसरीवर बसून म्हणाले, "वहिनी, वडील गेल्यापासून ती माझ्या घरी राहिलीच नाही हो. या वेळी तरी राहावी." मला फार वाईट वाटलं त्यांचं.

मग म्हणाले, "तिला स्टेशनवरून मोटारीतनंच आणीन. आणि वाटेत एकदाही थांबणार नाही."

*

मोटार हमीदभाईंकडे गेली. हमीदभाई म्हणजे आमच्या भागातले मेकॅनिक, पान खात कमी बोलणारे. त्यांनी इंजिनवरची एक वायर उपटली. काटा लालवरून सरळ गारवर येऊन पडला.

"को ख़ाँ, देख लिया? इंजन ठीक है, बल्ब ख़राब है," ते अस्सल भोपाळी थाटात म्हणाले.

बल्ब म्हणजे दिवा नव्हे. इंजिनच्या डोक्यात एक पितळी बोंड पिळून बसवलेलं असतं. ते आतल्या पाण्यात बुडून राहतं आणि पाणी किती तापलं ते वायरीतून काट्याला कळवतं. आमचं बोंड कायम तापाचीच बातमी देत होतं.

पिंपळखुटे विचारात पडले. "म्हणजे वायर काढली की इंजिन गार होतं?"

"काटा गार होतो," वसंतराव म्हणाले.

"मग काढूनच चालवू या की."

हमीदभाईंनी वर आकाशाकडे पाहिलं आणि कुठूनसं नवं बोंड शोधून दिलं. ते बसवून द्यायलाही तयार होते, पण वसंतराव म्हणाले, एवढंसं काम घरीच करू, पूल बांधणारी माणसं आम्ही. हमीदभाई म्हणाले, "कस के बिठा देना. और कुछ मत करना."

*

रविवारी सकाळी अंगणात समारंभ मांडला गेला. पाना वसंतरावांच्या हाती, कंदील भर दिवसा पिंपळखुट्यांच्या हाती आणि आमचे हे सल्ल्याला. सल्ला देणाऱ्या खात्यातलेच ते. मी आणि सुमती आमच्या घरात चहा घेत होतो.

आधी रेडिएटरमधलं पाणी सोडायचं असतं, हे कुणालाही सुचलं नाही. जुनं बोंड निघालं आणि त्या भोकातून पाण्याची चिळकांडी उडाली. ह्यांनी अख्ख्या नोकरीत दाखवली नव्हती तेवढी तत्परता दाखवून भोकात अंगठा घातला. पाणी थांबलं.

"शाब्बास," वसंतराव म्हणाले. "आता नवं द्या."

नवं बोंड हरवू नये म्हणून सुमतीनं कपाटात ठेवलं होतं. कपाटाला कुलूप होतं. किल्ली सुमतीच्या कमरेला होती.

पिंपळखुटे धावत आमच्याकडे आले, पण परस्त्रीकडे कमरेची किल्ली कशी मागायची या संकोचात दारातच घुटमळले. आम्ही त्यांना चहा दिला. बिचाऱ्यांनी तो घेतलाही. पलीकडून हे ओरडले, "अहो, अंगठा बधिर झाला!" तेव्हा कुठं उलगडा झाला.

*

नवं बोंड बसलं, पण कडेनं थेंब थेंब गळू लागलं. आणखी आवळलं असतं तर काम झालं असतं. पण बांधकाम खात्यातल्या माणसाला गळती म्हटलं की सूत आणि सफेता आठवतो. वसंतरावांनी बोंड काढलं, नळाच्या जोडाला गुंडाळतात तसं भरपूर सूत गुंडाळलं, वर त्या पांढऱ्या सफेत्याचा जाड लेप दिला आणि पुन्हा पिळलं. एक थेंब बाहेर येईना. काटाही गारवर आला.

आम्ही गावाबाहेर करोंदच्या रस्त्यावर लांब चक्कर मारली. काटा गार. चढावर गार, उन्हात गार. वसंतराव शीळ घालत होते. मात्र घरी आल्यावर पिंपळखुट्यांचा चेहरा पडला. त्यांनी कुठंतरी वाचलं होतं की इंजिन फार गार राहिलं तर तेही वाईट. थंड देशांत म्हणे जाळीवर पांघरूण घालतात.

दोघांनी बराच खल केला आणि सुमतीची जुनी गोधडी दुहेरी करून जाळीवर बांधली. मी विचारलं, "भोपाळच्या उन्हात?" वसंतराव म्हणाले, "वहिनी, काटा बघा ना."

पुढं हमीदभाईंनी समजावलं की ते बोंड इंजिनच्या लोखंडाला टेकून असलं तरच काट्याला काही कळतं. सुतात गुंडाळून त्याचं तोंडच बांधलं गेलं होतं. पण हे पुढं.

*

माई आल्या. आगगाडीच्या डब्यातून आधी कळशी उतरली, तोंडाला फडकं बांधलेली, आणि मग माई. हमालाला त्यांनी कळशीला हात लावू दिला नाही. मोटारीत ती मांडीवर घेऊन बसल्या. शेजारी मी, पुढं वसंतराव आणि पिंपळखुटे. सुमती घरी स्वयंपाकात.

तलावाकाठच्या चढावर लागलो तसा करपट वास येऊ लागला.

"वसंता, तापलंय हे," माई म्हणाल्या.

"नाही आई. काटा बघ, एकदम गार आहे."

"अरे, पाय भाजून राहिले माझे."

"ऊन आहे बाहेर," पिंपळखुटे म्हणाले. एवढ्यात पुढून वाफेचा लोट उठला. समोरचं दिसेना, मोटार थांबली, तरी दोघं काट्याकडेच बघत होते.

गोधडी सोडली. बराच वेळ आम्ही झाडाखाली उभे होतो. इंजिन निवलं तेव्हा झाकण उघडलं, आत ठणठणाट. तलाव खाली समोरच दिसत होता, पण उतार मोठा निसरडा. वसंतराव डबा घेऊन निघाले. त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

"कुठं निघाला?" माईंनी विचारलं.

"पाणी आणतो खालून."

"या उन्हात एवढं उतरू नको." त्यांनी कळशीचं फडकं सोडलं. "हे घे."

वसंतराव हललेच नाहीत. मग माई स्वतःच पुढं आल्या आणि ओतू लागल्या.

"आई, पुरे. तुझ्यापुरतं राहू दे."

"ओतू दे रे. अर्ध्या पोटी कोण चालेल?"

कळशी तळापर्यंत रिकामी झाली. मोटार घरी पोचली. फाटकात सुमती उभी होती. रिकामी कळशी बघून तिनं माझ्याकडे पाहिलं, मी वसंतरावांकडे. माई ओसरीवर टेकल्या, पदरानं तोंड पुसलं.

"सूनबाई, उभी काय? पाणी दे."

सुमतीनं बिचकत माठातला पेला आणून दिला. माई तो पूर्ण प्यायल्या. आणखी मागून घेतला, तोही प्यायल्या. मग शेजारची कळशी उचलून तिच्या हातात दिली.

"आणि ही भरून ठेव."